साक्ष दिली नाही, तर संरक्षण मिळते का?

प्रश्न
मानवी तस्करीतून सुटलेल्या व्यक्तीला निवारा, उपचार आणि कायदेशीर मदत हवी असेल, तर तिने आरोपींविरुद्ध साक्ष देणे बंधनकारक असते का? शिवाय तस्करांच्या ताब्यात असताना तिच्याकडून बेकायदा कृत्ये करवून घेतली गेली असतील, तर तिच्यावरच खटला चालू शकतो का? आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
मूळ दस्तऐवज म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेला आणि २००३ पासून अमलात आलेला पालेर्मो प्रोटोकॉल, म्हणजे मानवी तस्करीविरोधी पूरक करार. बळजबरी, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा यांपैकी एखादा मार्ग वापरला गेला असेल, तर पीडित व्यक्तीने दिलेली संमती त्यात गैरलागू ठरते; अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर असा मार्ग वापरल्याचे सिद्ध करण्याचीही गरज नसते. मात्र तस्करीला गुन्हा ठरवणे देशांवर बंधनकारक करणारा हा प्रोटोकॉल निवारा, समुपदेशन, उपचार आणि रोजगाराच्या संधी यांच्याबाबत देशांनी ‘विचार करावा’ एवढ्यावरच थांबतो. पुनर्वसन रखडते त्याचे एक कारण मला या सैल भाषेत दिसते.

प्रतिसाद २
तुमच्या दोन्ही प्रश्नांना अधिक थेट उत्तर युरोप परिषदेच्या (ही युरोपीय देशांची संघटना, युरोपीय संघाहून वेगळी) २००५ च्या मानवी तस्करीविरोधी करारात सापडते. साक्षीदार होण्याच्या तयारीवर मदत अवलंबून ठेवू नये, असे त्याचे बारावे कलम सांगते. परदेशात बेकायदा वास्तव्य करणाऱ्या पीडितांना सावरण्यासाठी आणि तपासाला सहकार्य करायचे की नाही हे ठरवण्यासाठी तेराव्या कलमाने किमान तीस दिवसांची मुदत दिली आहे. (इतक्या आघातानंतर तीस दिवस मला अपुरेच वाटतात.) सव्विसाव्या कलमानुसार, भाग पाडल्यामुळे केलेल्या कृत्यांसाठी शिक्षा न करण्याची तरतूद देशांनी ठेवायची आहे, पण हे सरसकट अभय नव्हे. गांजाच्या लागवडीत सापडलेल्या दोन व्हिएतनामी अल्पवयीन मुलांवर ब्रिटनने खटले चालवले, तेव्हा ती तस्करीची बळी असल्याच्या शक्यतेची पुरेशी दखल न घेतल्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये ब्रिटनला दोषी धरले.

प्रतिसाद ३
एक भर घालतो. निवारागृहाला कुलूप असेल आणि आतल्या व्यक्तीला स्वतःच्या इच्छेने बाहेर पडता येत नसेल, तर ते पुनर्वसन नसून कोठडीच आहे. पीडितांना कोणत्याही प्रकारच्या कोठडीत ठेवू नये, असे संयुक्त राष्ट्रांची २००२ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. सक्तीच्या मजुरीबाबत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१४ चा प्रोटोकॉलही पाहावा, कारण पीडित व्यक्ती त्या देशात कायदेशीरपणे राहत असो वा नसो, तिला नुकसानभरपाईसारखे उपाय मिळवता आले पाहिजेत, असे त्यात नमूद आहे.