भाच्याचं पोलिश नाव: अर्थ सांगा, अन् हाक कशी मारायची तेही

परभणीची आत्या

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ पोलंडात असतो, वहिनी तिकडचीच. मागच्या सोमवारी मुलगा झाला. आपल्यात नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पण वहिनीच्या माहेरच्यांनाही त्यांच्यातलं नाव पाहिजे, अन् त्यांचंही काही चुकत नाही. शेवटी ठरलं की पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं.

वहिनीनं व्हॉट्सॅपवर चार नावं पाठवली. मी स्पेलिंग बघून ब्लाउजच्या मापांच्या वहीत उतरवून घेतली: स्टॅनिस्लॉ, काझिमिएर्झ, वोजसिएच, बोलेस्लॉ. दुकानात येणाऱ्या बायका विचारायल्यात काय नाव ठरलं म्हणून. मी वही पुढं करते. त्या वाचतात अन् अस्तराच्या कापडाबद्दल बोलायला लागतात. माय म्हणाली, "हे नाव हाय का औषध?"

गुरुजींनी रोहिणी नक्षत्र सांगितलं, अक्षरं ओ, वा, वी, वू. माझ्या वाटणीचं मी विराज धरून बसलेय. तर या चार नावांचा अर्थ काय, खरा उच्चार काय, अन् मायला अंगणातून हाक मारता येईल असं यातलं कोणतं?

नांदेडकर, मुक्काम क्राकूफ

ताई, अभिनंदन! आधी ती वही खोडा. पोलिशमध्ये डब्ल्यू म्हणजे व, जे म्हणजे य, सीएच म्हणजे ख, अन् पोटात रेघ मारलेला एल म्हणजे डब्ल्यूसारखा ओठ गोल करून म्हणायचा व. शब्दाच्या शेवटी व आला की त्याचा फ होतो. म्हणून तुमची नावं अशी: स्तानिस्वाफ, काझिम्येश, वॉयचेख, बॉलेस्वाफ.

ही चारही अस्सल स्लाव्ह नावं आहेत, आपल्या सामासिक नावांसारखी दोन तुकडे जोडून केलेली. 'स्वाफ' म्हणजे कीर्ती. स्तानिस्वाफमधला पहिला तुकडा 'होणे, उभं राहणे' यातला, म्हणजे कीर्तिमान होवो असं काहीसं. वॉयचेखमध्ये 'वॉय' म्हणजे लढवय्या अन् 'चेख' आनंदाचा. रणात रमणारा म्हणा. काझिम्येशचा अर्थ बहुतेक 'शांतता मोडणारा' असा लावतात. लहान लेकरू तसंही तेच करतं. पण नाव राजाचं आहे. तिसऱ्या काझिम्येशनं 1333 ते 1370 राज्य केलं. त्याला लाकडाचा पोलंड मिळाला अन् तो दगडाचा करून गेला, असं इथं म्हणतात. इथलं विद्यापीठही त्यानंच 1364 मध्ये काढलं.

आता विराजचं. माफ करा, पण शाळेत बाई त्याला 'विराय' म्हणणार. माझं नाव अजित, इथं मी सहा वर्षं 'आयित' आहे. माझ्या मित्राच्या पोराचं नाव अथर्व. इंग्रजी अक्षरांत शेवटी ए येतो, अन् इथं बाईमाणसाचं नाव म्हणजे शेवटी ए, हे डोक्यात पक्कं. दवाखान्यात दर वेळी 'मुलगी कुठंय' विचारतात. रुद्र, कृष्णा, सगळ्यांची तीच गत.

कायद्यानं जास्तीत जास्त दोनच नावं लावता येतात. 2015 पासून परदेशी नावंही चालतात, पण लाडाचं नाव कागदावर घेत नाहीत. दवाखान्यानं कागद केल्यापासून 21 दिवसांत नोंद करायची असते, त्यामुळं गुरुजींना जास्त वेळ देऊ नका.

अंबाजोगाईचा जुना मास्तर

संस्कृत शिकवण्यात जन्म गेला म्हणून लिहितो. हे 'स्वाफ', मूळ 'स्लाव', आपल्या 'श्रवस्' शब्दाचं सख्खं भावंड. श्रवस् म्हणजे जे कानांवर येतं ते, कीर्ती. आता बॉलेस्वाफ घ्या. 'बॉले' म्हणजे अधिक, अधिक कीर्तीचा. महाभारतात हेच नाव आहे: भूरिश्रवा! अर्जुनानं ज्याचा हात तोडला तो. पोलंडचा पहिला अभिषिक्त राजा, 1025 चा, बॉलेस्वाफच होता.

त्यांच्याकडं बॉगदान असंही एक नाव आहे. बॉग म्हणजे देव, आपल्या 'भग'च्या नात्यातला. दान म्हणजे दिलेला. झाला की देवदत्त!

परभणीची आत्या

मास्तर, अंगावर काटा आला. आमचे दादा दत्तात्रय, सगळे दत्ताराव म्हणायचे. मी लगेच वहिनीला फोन लावला, बॉगदान ठेवा म्हणून. ती हसायलाच लागली. म्हणे तिच्या वडलांच्या वयाचे लोक बॉगदान असतात, बाळाला कोण ठेवतं? म्हणजे आपल्याकडं आता कोणी पोराचं नाव दत्ताराव ठेवत नाही तसं. सोडला तो विषय.

गंगाखेडचा पप्पू

वॉयचेखच ठेवा ताई. त्याचं लाडाचं वॉयतेक. दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैनिकांनी इराणात अस्वलाचं पिल्लू घेतलं, त्याचं नाव वॉयतेक. त्याला सैन्याच्या पटावर घेतलं होतं. 1944 मध्ये माँते कॅसिनोच्या लढाईत तोफगोळ्यांच्या पेट्या उचलायचा म्हणतात. शेवटी एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात राहिला, अन् 1963 ला तिथंच वारला. अस्वलाला जमलं, तुमच्या भाच्याला जमंल.

नांदेडकर, मुक्काम क्राकूफ

पप्पूशेठ बरोबर. अन् समोर हाक मारताना ते 'वॉयतकु!' होतं. आपण विठ्ठलाला 'विठ्ठला' म्हणतो तसं. 23 एप्रिलला वॉयचेख संताचा दिवस, त्या दिवशी या नावाच्या सगळ्यांना शुभेच्छा द्यायच्या. ताईंचं अक्षरही 'व'च आहे की.

परभणीची आत्या

काल बारसं झालं. बाळ तिकडं, पाळणा इकडं. पाळण्यात वरवंटा ठेवला, त्याला मी शिवलेलं जरीचं टोपडं घातलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या केलं अन् मोबाइल पाळण्याच्या दोरीला बांधला. मी वरवंट्याच्या कानात कुर्रर्र करून सांगितलं: वॉयचेख वरद. वरद सगळ्या अक्षरांतून सुटतं, शेवटी ए नाही, जे नाही. पाठीत बुक्के बसले ते मात्र खरे. तिकडून वहिनीची आई विचारायली, दगडाला टोपी का घातली?

माय चार दिवस 'वॉयचेख' घोकायलीय. काल घुगऱ्या वाटता वाटता तिनं मोबाइलकडं बघून हाक मारली, "ए वैजू!" म्हणाली, आपल्या परळीच्या वैजनाथाचंच नाव आहे ते, यांनी उगं लांबवलं. अन् लेकरानं डोळे उघडले की हो.