मदत हवी आहे: ऑक्सिजनेटरची चाचणी पाण्यावर केली, आकडे रक्ताला कसे लावू?

नमस्कार. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी छोटा ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) बनवलाय. पॉलिप्रॉपिलीनचे पोकळ तंतू, आतून शुद्ध ऑक्सिजन, बाहेरून द्रव. ही चाचणी एरवी गाय-बैलाच्या रक्तावर करतात: हिमोग्लोबिन १०० मिलीत १२ ग्रॅम, संपृक्तता (हिमोग्लोबिनचा ऑक्सिजनने भरलेला भाग) ६५ टक्के, तापमान ३७ अंश. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून बकऱ्याचं आणलं. रक्त गोठू न देणारं हेपरिन घालायला उशीर केला आणि ते वाटेतच गोठलं. (होस्टेलवर अजून टोमणे खातोय.)

शेवटी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढलेलं पाणी वापरलं. ३७ अंश, मिनिटाला २०० मिली. डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मीटरवर आत जाताना ०.५, बाहेर येताना १४ मिग्रॅ/लिटर. म्हणजे मिनिटाला जेमतेम १.९ मिली ऑक्सिजन! रक्ताला याच प्रवाहात ११ मिलीच्या वर लागेल. सर म्हणतात, "गुणोत्तराने गुणून टाक." पटत नाही. ग्लिसरीन घालून पाहू का?

प्रतिसाद:
गुणू नका, पण घाबरूही नका. शुद्ध ऑक्सिजनखाली १०० मिली पाण्यात जास्तीत जास्त सव्वादोन मिली मावतो. तुम्ही निम्म्याच्या जवळ आहात. पाणी ऑक्सिजनने भरत जातं तसा त्यातल्या ऑक्सिजनचा दाब सरळ रेषेत चढतो आणि ओढ कमी होते. रक्तात हिमोग्लोबिन ऑक्सिजन गिळत राहतं, दाब बराच वेळ खालीच असतो, म्हणून ओढ टिकते.

पाण्यावरून फक्त द्रवाच्या थराचा अडथळा काढा. चार-पाच प्रवाहांना मोजा, शेरवूड-रेनॉल्ड्सचं नातं (ऑक्सिजन द्रवात जाण्याचा वेग प्रवाहाशी जोडणारं सूत्र) बसवा, मग त्यात रक्ताची स्निग्धता आणि संपृक्तता-वक्राचा उतार (ऑक्सिजनच्या दाबागणिक संपृक्तता किती बदलते ते) घाला. मोजणी शुद्ध ऑक्सिजनऐवजी हवेवर करा. बरेच मीटर २० मिग्रॅच्या पुढे जात नाहीत, कमी प्रवाहाला तुमचा तिथेच अडकेल.

ग्लिसरीनने स्निग्धता जुळते, पण ऑक्सिजनची विद्राव्यता आणि विसरण (द्रवात पसरण्याचा वेग) दोन्ही घटतात. आकडा अजून पडेल, तो यंत्राचा दोष समजू नका. हिमोग्लोबिनसारखं गिळणारं काही हवं असेल तर सोडियम सल्फाइटचं द्रावण घ्या, उत्प्रेरक म्हणून किंचित कोबाल्ट. तिथे मीटर शून्यच दाखवेल. उरलेलं सल्फाइट आयोडीनने टायट्रेट करायचं. कोबाल्ट जास्त झालं तर अभिक्रिया तंतूलगतच्या थरातच होते आणि यंत्र आहे त्याहून भारी दिसतं.

धागाकर्ता:
धन्यवाद! मीटरची कमाल मर्यादा आत्ता पाहिली. २० च आहे. उद्या हवेवर लावतो.