मदत हवी आहे: संगणकाआधीचे ड्रॅगनपट सुचवा

मंडळी, १९८१चा 'ड्रॅगनस्लेयर' परवा पुन्हा पाहिला. त्यातली व्हर्मिथ्रॅक्स ही ड्रॅगनीण काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

अ‍ॅनिमेटर फिल टिपेट आणि आयएलएम या स्पेशल इफेक्ट्स कंपनीच्या लोकांनी तिच्यासाठी 'गो-मोशन' हे तंत्र वापरलं. शटर उघडं असतानाच मोटरला जोडलेल्या सळया मॉडेल किंचित हलवतात. त्यामुळे प्रत्येक फ्रेम जराशी पुसट येते आणि चाल झटक्याझटक्याची दिसत नाही. गुहेत ती पंखांवर भार टाकत रांगते ना, तेव्हा अंगाचं वजन जाणवतं. हल्लीच्या ड्रॅगनांत मला तेच सापडत नाही. (भाचा म्हणतो, मामा, तू म्हातारा झालास!)

'द नेव्हरएंडिंग स्टोरी'मधला फाल्कोर ड्रॅगन पाहिलाय. तो सोडून असे आणखी कुठले सिनेमे? आणि हे यंत्र चालताना दाखवणारी एखादी डॉक्युमेंटरी कुणाला ठाऊक आहे का? सबटायटल्स नसली तरी चालेल.