चिकचिक, टिकटिक, घूंऽऽ : तुमच्या विजेच्या बाईकचा बेल्ट काय बोलतो?

पेट्रोलची गाडी देऊन विजेची घेतली तेव्हा तिच्या शांततेचं मला कोण कौतुक! ते दोन महिने टिकलं. मग एका सकाळी मागच्या चाकात उंदराचं पिल्लू अडकल्यासारखा आवाज यायला लागला. चिक्... चिक्... चिक्. वेग वाढला की चिकचिकीची शीळ व्हायची, भिंतीजवळून जाताना तर सगळा रस्ता वळून बघायचा.

हिला साखळीऐवजी दातेरी पट्टा, म्हणजे बेल्ट; तो मोटरच्या आणि मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर, म्हणजे पुल्यांवर, फिरतो. माझं आयुष्य मात्र साखळीच्या गाड्यांवर गेलेलं. साखळीने कुरकुर केली तर उपाय दोनच, आवळा नाहीतर तेल सोडा. मी आवळलं. आवाज थोडा बदलला, म्हणून आणखी आवळलं. तिसऱ्या खेपेला चिकचिक गेली आणि तिच्या जागी घूंऽऽ असा सलग सूर आला. मी खूश. पाचेक महिन्यांनी मोटरच्या पुलीमागचं बेअरिंग गेलं. मेकॅनिकने पट्टा बोटाने दाबून पाहिला आणि विचारलं, "साहेब, गाडी चालवता की सतार वाजवता?" मूळ दुखणं काय निघालं, तर मागचं चाक एका अंगाला जेमतेम दीड मिलिमीटर तिरकं बसलेलं. पट्टा पुलीच्या कडेला घासत होता. ताणाचा काही संबंधच नव्हता.

तेव्हा मंचावर हा चर्चेचा धागा. आवाज कसा होता, कधी यायचा, आधी काय चुकलं आणि शेवटी काय सापडलं ते लिहा. चुका सविस्तर लिहा, त्याच उपयोगी पडतात. कंपन्यांची नावं नकोत.

रिकामी टाकी

हात वर! मीही आवळणाऱ्यांतलाच. पण दुसऱ्यांदा पाना हातात घेतला तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "दादा, आधी मोज तरी." तिने खडू आणून पट्ट्यावर एक खूण केली आणि चाकावर एक.

माझ्या गाडीला पुढची पुली २० दात्यांची, मागची ९० ची आणि पट्ट्याला १६० दाते. म्हणजे चाकाच्या एका फेरीत पुढची पुली साडेचार वेळा फिरते आणि पट्ट्याची एक फेरी व्हायला चाकाला पावणेदोनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या लागतात. गाडी बंद करून चालण्याच्या वेगाने ढकलायची आणि कान लावायचा. चाकाच्या फेरीला एकदाच वाजलं तर मागची पुली, डिस्क किंवा चाक. चार-पाच वेळा वाजलं तर पुढची पुली. दोन फेऱ्या पुऱ्या व्हायच्या थोडं आधी, आणि दर वेळी खडूची खूण त्याच जागी आल्यावर वाजलं तर दोष पट्ट्यातच.

माझं तिसरं निघालं. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत डाळीएवढा खडा घुसून आरपार भोक पडलेलं, आतले काळे धागे बाहेर डोकावत होते. पट्टा बदलला. मागच्या पुलीच्या एका दात्यालाही त्याच खड्याने टवका उडवला होता, तो मेकॅनिकने बारीक कानसीने गुळगुळीत केला. तसाच ठेवला असता तर त्याने नवा पट्टाही कातरला असता. आधी दोनदा आवळलं तेव्हा मी त्या भोकावर आणखी ताण देत होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मागची सीट

आमच्याकडे उलटंच. मी एकटी निघाले की खडखड, आई मागे बसली की गाडी चिडीचूप. आईचं म्हणणं, "मला घाबरते ती."

आवाज फक्त उखडलेल्या रस्त्यावर आणि तोही थ्रॉटल पिळताना यायचा. सोडला की बंद. मी आधी शॉकअब्सॉर्बरला दोष देत बसले. मग कळलं की थ्रॉटल देताना पट्ट्याची वरची बाजू ओढली जाते आणि खालची सैल पडते. रीजनने (मोटरच गाडीला आवरते आणि बॅटरीत वीज परत भरते, त्याने) वेग कमी होताना उलट होतं, खालची ताठ आणि वरची ढिली. माझा पट्टा मुळात सैल होता, खड्ड्यात खालची बाजू झोके घ्यायची आणि गार्डवर आपटायची. गार्ड काढून पाहिला तर आतून चकचकीत घासलेला.

आता आईचं कोडं. पुढची पुली, स्विंगआर्मचा खिळा (मागचं चाक धरणारा दांडा ज्यावर वर-खाली हलतो तो) आणि मागचा अ‍ॅक्सल एका ओळीत आले की पट्टा सगळ्यात जास्त ताणला जातो. चाक लोंबकळत असेल किंवा गाडी रिकामी असेल तर तो ढिला. आईच्या वजनाने मागचा भाग खाली बसायचा, ही तिन्ही टोकं ओळीत यायची आणि पट्टा आपोआप ताठ व्हायचा. म्हणून ताण गाडी उचलून बघायचा, चाक जमिनीवर ठेवून बघायचा की वर माणूस बसवून, हे ज्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहूनच ठरवा. माझ्या आधीच्या माणसाने चाक जमिनीवर टेकवून आकडा जुळवला होता, पुस्तकात मात्र हवेत ठेवून घ्यायला सांगितलेलं.

पावसाळी

माझा आवाज ऋतूप्रमाणे. पाऊस पडला की गायब, चार दिवस कोरडे गेले की कुईकुई सुरू. म्हणून हे नाव.

पाण्याची बाटली घेऊन चालत्या चाकावर नाही, उभ्या गाडीच्या पट्ट्यावर शिंपडलं आणि एक चक्कर मारली. आवाज बंद. वाळल्यावर परत हजर. यावरून एवढंच समजतं की काहीतरी कोरडं घासतंय, एक तर धूळ, नाहीतर धागाकर्त्यासारखी पुलीची कड. माझ्याकडे धूळ होती. मऊ ब्रश, साधं पाणी, थोडा सौम्य साबण. दात्यांच्या खाचा आणि पुलीच्या दोन्ही कडा. दहा मिनिटांचं काम.

पण ते कळायच्या आधी मी शहाणपणा केला होता. साखळीचा चिकट स्प्रे घरात पडून होता, तो मारला. एक आठवडा स्वर्ग. मग त्या चिकट्यावर रस्त्यावरची सगळी धूळ येऊन बसली, पुलीच्या दात्यांवरचा काळा मुलामा उडून पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसायला लागलं. सॅंडपेपरच फिरवत होतो म्हणा ना.

नवशिका_२

पावसाळी, तुमचं निभावलं. मी स्प्रे मारला तो उडून मागच्या डिस्कवर गेला. पेडल दाबलं तर ते नेहमीसारखंच घट्ट, गाडी मात्र आपली पुढे पुढे. पुढच्या ब्रेकने वाचलो. पॅड टाकून द्यावे लागले. बास, एवढंच सांगायचं होतं.

धागाकर्ता

नवशिका, तुमचं "एवढंच" सगळ्यात महत्त्वाचं आहे. काही उत्पादक पट्ट्याला सिलिकॉनचा स्प्रे चालेल म्हणतात, काही साफ नाही म्हणतात. चालत असेल तरी फडक्यावर घेऊन पुसा, फवारू नका.

सूरदार

मी पेशाने आवाजाच्याच धंद्यात, त्यामुळे माझं वेड जरा वेगळं. माझ्या गाडीला दोन सूर होते. एक वेगाबरोबर चढायचा-उतरायचा. दुसरा जागचा हलायचाच नाही, फक्त थ्रॉटल दिला की उमटायचा. पहिला बेल्टचा, दुसरा मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरचा. या दुसऱ्यासाठी पट्टा आवळणारे मी पाहिलेत.

बेल्टचा सूर कागदावर काढता येतो. चाकाचा घेर साधारण २ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला ८.३ फेऱ्या मारतं. मागच्या पुलीला ९० दाते असतील तर सेकंदाला सुमारे ७५० दाते येऊन बसतात, म्हणजे ७५० हर्ट्झ. आपल्या कानाला सहज ऐकू येणारा कंपनांचा पट्टा (दुसऱ्या अर्थाने!). हा सूर थोडासा असणारच. तो अचानक मोठा झाला तर ताण वाढलाय किंवा पट्टा कडेला चढलाय असं समजून तपासा.

ताणही मी कानानेच मोजतो. पट्ट्याच्या लांब बाजूच्या मध्यावर तारेसारखी टिचकी मारायची, फोनवर कंपनसंख्या दाखवणारं अ‍ॅप ठेवायचं. पण एक गोम आहे. ताण कंपनसंख्येच्या वर्गाने वाढतो. आकडा १० टक्के जास्त आला तर ताण २१ टक्के जास्त झालेला असतो. "दोन-चार हर्ट्झने काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि एकाच जागी मोजू नका. माझे चार जागचे आकडे ५२, ५४, ५८ आणि ५३ आले, कारण पुली किंचित वाकडी फिरते. ५२ ला सेट केलं असतं तर प्रत्येक फेरीत एकदा बेअरिंगला चिमटा बसला असता.

जुना फिटर

पोरांनो, वाचतोय सगळं. मोजमाप छान करता तुम्ही. पण चाक फिरवताना किल्ली काढून खिशात ठेवा हे कुणीच लिहिलं नाही. स्टँडवर मोटर चालू ठेवून कान लावायला जाल तर पट्टा आणि पुलीच्या मध्ये बोट जायला क्षण पुरतो, आणि पुली बोट परत देत नाही. चाक हाताने फिरवायचं.

बेल्ट काही नवीन चीज नाही. हार्ले-डेव्हिडसनने १९८० सालच्या स्टर्जिसमध्ये दातेरी पट्टा बसवला होता. तेव्हाही तो आवाज करत असणारच, पण इंजिनाच्या गडगडाटात कोण ऐकतंय! आता इंजिन गेलं आणि सगळी घरातली भांडणं शेजाऱ्याला ऐकू यायला लागली.

धागाकर्त्याचं तिरकं चाक मी शंभर वेळा पाहिलंय. स्विंगआर्मवरच्या रेघांवर विसंबू नका, त्या अंदाजाच्या. खिळ्याच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. मग अ‍ॅक्सलचा नट टोर्क पान्याने (किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या) पुस्तकात दिला तितकाच आवळा आणि आवळल्यावर परत मोजा. नट आवळताना चाक हमखास सरकतं, ताणही बदलतो. निम्मे लोक इथेच फसतात, कारण आधी जुळवलेलं असतं ना! शेवटी चाक पुढे फिरवा, मागे फिरवा. पट्टा एखाद्या कडेला हलका टेकला तर चालेल, पण दाबून चढत असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं, ताण गार गाडीवर बघा. स्विंगआर्म अ‍ॅल्युमिनियमचा, पट्ट्यातले धागे कार्बनचे. धागे उष्णतेने वाढतच नाहीत म्हटलं तरी चालेल. अ‍ॅल्युमिनियम मात्र वाढतं. ६०० मिलिमीटरचा आर्म ३० अंशांनी तापला की सुमारे ०.४ मिलिमीटर लांब होतो आणि पट्टा तेवढा जास्त ताणतो. दुपारी घुमणारी आणि पहाटे गप्प असणारी गाडी यामुळेच.

आणि नवीन पट्टा आणला की त्याची घडी घालू नका, उलटा वाकवू नका. धागे आतल्या आत तुटतात, वरून दिसत नाही. एकाने पिशवीत मावावा म्हणून चौघडी करून आणला होता. मी बसवायला नकार दिला, तो माझ्यावर अजून रागावलेला आहे.

शांतताप्रिय

माझी गोष्ट लहान आणि लाजिरवाणी. तीन आठवडे शोध, दोनदा ताण जुळवला, एक पट्टा नवा. आवाज तसाच, खोल गुरगुर. शेवटी मेकॅनिकने पट्टा पुलीवरून उतरवला आणि चाक नुसतं हाताने फिरवलं. गुरगुर चालूच. चाकाचं बेअरिंग! ही तपासणी पहिल्या दिवशी करता आली असती. जुना पट्टा सुटा करून गोल टांगून ठेवलाय, बघितलं की स्वतःचाच राग येतो.

एकपाना

मी वेगळ्या पंथाचा. हेल्मेटमध्ये गाणी लावा, आवाज ऐकूच येत नाही. दीड वर्ष झालं, काही बिघडलं नाही.

रिकामी टाकी

एकपाना, माझ्या मित्राचंही हेच म्हणणं होतं. त्याचा पट्टा सैल होता. सिग्नल सुटल्यावर त्याने थ्रॉटल पूर्ण पिळला, विजेची मोटर पहिल्या क्षणापासून सगळा जोर लावते, आणि ठक्क-ठक्क-ठक्क करत पट्टा दात्यांवरून उडाला. पाच-सहा दाते मुळापासून सपाट. मोटर फिरतेय, गाडी जागची हलत नाही आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. तीन किलोमीटर ढकलत नेली. त्याआधी पंधरा दिवस रोज एखादं "ठक्" व्हायचं म्हणे. गाण्यातला ठेका वाटला त्याला.

एकपाना

...बरं. उद्या बघतो.

एकपाना

बघितला. मध्यावर बोट ठेवून नुसतं टेकवलं तरी पट्टा खाली जातो. फिटरकाका, गाडी तशीच चालवत आणू की उचलून?

जुना फिटर

जवळच असेल तर हळू, थ्रॉटल न पिळता, मागे कुणाला न बसवता. लांब असेल तर उचलून. आणि गाणी बंद.

धागाकर्ता

माझ्याकडची ताजी खबर. बेअरिंग नवं, चाक सरळ, ताण पुस्तकाप्रमाणे. आठवडाभर गाडी इतकी शांत की मीच दोनदा चालू आहे का ते बघितलं. परवा परत टिक्... टिक्... टिक्. मी खाली बसलो. पाना नाही, खडू घेतला. चाकाच्या एका फेरीला बरोबर एक टिक. म्हणजे मागची पुली, डिस्क किंवा चाक. पुलीचे नव्वदच्या नव्वद दाते टॉर्च मारून पाहिले, स्वच्छ. डिस्क स्वच्छ. स्टँडवर चढवून चाक हाताने फिरवलं तर आवाजच नाही. खाली उतरवून ढकलली की टिक्.

स्टँडवर गप्प आणि जमिनीवर बोलते. अर्धा तास डोकं खाजवल्यावर टायरकडे लक्ष गेलं. नक्षीच्या खाचेत एक खडा बसला होता. किल्लीच्या टोकाने काढला.