मदत हवी आहे: तळच्या खोलीला ओल, मेमध्ये दिलेला रंग जुलैत फुगला

कुळागरकर | १० जुलै, रात्री ९.५०
नमस्कार मंडळी. घर गोव्यात फोंडा तालुक्यात, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), जुनं. तळच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. मेच्या शेवटच्या आठवड्यात जुना रंग खरवडला, वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारलं, पुट्टी, प्रायमर, वर भारीतला रंग. अठ्ठावीस हजार गेले. काल बघतो तर भिंतीवर पुरीसारखे टम्म फुगे. एक अंगठ्याने दाबला तर आतून पाणी नाही, पांढरं पीठ सांडलं. रंगारी म्हणतो, चिरा पाणी पितो त्याला मी काय करू. चवथीला (गणेश चतुर्थीला) मुंबई-पुण्याहून चौदा माणसं येतात, त्यातली निम्मी याच खोलीत झोपतात. कुठलं केमिकल मारायचं तेवढंच सांगा. लेक्चर नको, आधीच डोकं फिरलंय.

रंगबहाद्दर | १० जुलै, रात्री १०.१५
इपॉक्सी, म्हणजे पाणी न जाऊ देणारा राळेचा लेप. डोळे मिटून दोन कोट मारा. पर्वरीच्या माझ्या फ्लॅटला मारलं, चार वर्षं टकाटक.

म्हापशेकर_ताई | १० जुलै, रात्री १०.३१
कुठल्या भिंतीला? किती उंचीपर्यंत? पलीकडे न्हाणी आहे का? आमच्याकडे तीन वर्षं ओल ओल म्हणून भिंत फोडत होतो आणि शेवटी न्हाणीचा पाईप निघाला. खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, वारा खेळला पाहिजे.

मडगावचा_अभियंता | १० जुलै, रात्री ११.०५
लेक्चर नको म्हणालात, म्हणून नुसते प्रश्न विचारतो. तळची म्हणजे किती तळची? खोलीची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा वर आहे की खाली? ओल बारा महिने असते की फक्त पावसात? कधीपासून आहे? भिंतीला कुठे भेग? छपराचं पाणी कुठे पडतं? यातलं काहीच न सांगता केमिकलचं नाव विचारणं म्हणजे रोगी न दाखवता औषध मागणं.
@रंगबहाद्दर, तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर?

रंगबहाद्दर | १० जुलै, रात्री ११.०९
चौथ्या. पण ओल ती ओलच ना?

कुळागरकर | ११ जुलै, सकाळी ७.२०
न्हाणी दुसऱ्या टोकाला आहे. ओल मागच्या भिंतीला, छातीएवढी. खालच्या बाजूला जास्त. पूर्वी खोलीत सुपारीची पोती असायची, त्यांना कधी बुरशी नाही आली. आता आमसुलांची बरणीसुद्धा ठेवता येत नाही. दोन वर्षांपासून त्रास आहे. मागची भिंत डोंगराला टेकलेली आहे, ते लिहायचं राहिलं. परस खोलीच्या जमिनीपेक्षा साधारण पाच फूट वर.

मडगावचा_अभियंता | ११ जुलै, सकाळी ७.४४
अहो, हे 'लिहायचं राहिलं'? सगळं प्रकरण तेच आहे! तुमची खोली म्हणजे अर्धं तळघर. भिंतीच्या मागे पाच फूट भिजलेली माती आहे, तिच्यातलं पाणी चिऱ्यांच्या सांध्यांतून आत येणारच. आतून रंग लावून ते थांबत नाही, उलट रंगच ढकलून बाहेर काढतं. पांढरं पीठ म्हणजे क्षार. पाणी भिंतीतून आत येतं, उडून जातं, क्षार मागे राहतो आणि रंगाच्या पापुद्र्याखाली वाढत जातो.

चुना_आणि_वाळू | ११ जुलै, सकाळी ९.००
त्या क्षाराला आपल्याकडे लोणा म्हणतात आणि तो सिमेंटने येतो. आजोबा-पणजोबांच्या घरांना शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा होता, जमीन शेणाने सारवलेली. भिंत श्वास घ्यायची. पुट्टी आणि प्लॅस्टिक रंग म्हणजे भिंतीला रेनकोट घालून आत घाम काढणं. सगळा सिमेंटचा गिलावा काढा, एकास तीन चुना-वाळूचा करा, वर चुनाच. खाडीची न धुतलेली रेती मात्र वापरू नका, तिच्यातच मीठ असतं आणि ते हवेतली ओल ओढतं.

रंगबहाद्दर | ११ जुलै, सकाळी ९.१२
चुना आता कोण घोटून देतो? चवथीपर्यंत? इपॉक्सी एका दिवसात होतं.

चुना_आणि_वाळू | ११ जुलै, सकाळी ९.१३
आणि एका पावसात निघतं.

परदेशी_पाखरू | ११ जुलै, सकाळी ११.४०
मी मूळ डिचोलीचा, सध्या ओहायोत. इथे घरोघरी बेसमेंट, त्यामुळे हा विषय रोजचा. आमच्याकडे आतल्या कडेने जमिनीत चर काढून भोकाचा पाईप घालतात, पाणी एका खड्ड्यात आणतात आणि पंप ते बाहेर फेकतो. ज्या घरांखाली फक्त रांगत जाण्याएवढी पोकळी असते तिथे मातीवर ६ मिलचं, म्हणजे साधारण १५० मायक्रॉनचं प्लॅस्टिक अंथरतात. वर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र). कुळागरकर, तोच घ्या. आणि ताईंची माफी मागून सांगतो, पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवू नका. बाहेरची हवा पाण्याने भरलेली असते. ती थंड भिंतीला लागली की तिथेच दव धरतं.

म्हापशेकर_ताई | ११ जुलै, दुपारी १२.०५
आमच्या सात पिढ्या खिडक्या उघड्या ठेवत आल्या.

फोंड्याचा_पात्रांव | ११ जुलै, दुपारी १२.२०
पाखरू बाबा, पंप ठीक. पण आमच्याकडे मोठा पाऊस लागला की पहिली जाते ती वीज. म्हणजे जेव्हा पंप हवा तेव्हाच तो झोपणार. डोंगरउतारावर घर आहे तर पाणी उताराने जाऊ द्या ना फुकट.

मडगावचा_अभियंता | ११ जुलै, दुपारी १.३०
पात्रांवांना +१. खिडकीचं भांडण मिटवायला एक सोपी चाचणी करा. दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिक भिंतीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा, एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साठलं तर ते भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला थेंब असले तर हवेतून.
आणि माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं अजून आली नाहीत: भेग आणि छपराचं पाणी. दोन वर्षांपासूनच का सुरू झालं? दोन वर्षांपूर्वी काय केलंत?

हक्काचा_माणूस | ११ जुलै, दुपारी ३.१०
त्याआधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघा. फॉर्म १ आणि १४ (जमिनीचा उतारा) काढला का? मागची जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) असली तर तिथे फावडं मारण्याआधी विचार करा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्याच्या (मुंडकाराच्या) राहत्या घराला संरक्षण आहे, पण...

कुळागरकर | ११ जुलै, संध्याकाळी ६.००
जमीन आमचीच आहे हो काका, कुळागरासकट (सुपारीच्या बागेसकट).

हक्काचा_माणूस | ११ जुलै, संध्याकाळी ६.२२
मग उत्तम. तरी उतारा काढून ठेवावा.

कुळागरकर | १२ जुलै, रात्री ८.४५
प्लॅस्टिक लावलं होतं. भिंतीकडच्या बाजूने अक्षरशः ओघळ, खोलीकडच्या बाजूलाही थोडे थेंब. दोघंही बरोबर, भांडू नका.
दोन वर्षांपूर्वीचं विचारलंत. तेव्हा परसात काँक्रीट घातलं. चिखल होतो म्हणून बायको कंटाळली होती, आणि मुलाला बाईक मागे लावायची होती. त्याआधी भिंतीपासून दोन हातांवर एक चर होता. आजोबा दर मेमध्ये त्यातला पाला उपसायचे, मला कोयता धरून सोबत न्यायचे. आडवा जाऊन तो खाली व्हाळात (ओढ्यात) पडायचा. काँक्रीट घालताना तो भरून टाकला. गवंड्याने विचारलं होतं, 'हा चर हवा का नको?' मी म्हटलं, भर. छपराची पन्हळ डाव्या कोपऱ्यात सुटते, त्याच काँक्रीटवर. भेग त्याच कोपऱ्यात आहे, बोटाचं नख जाईल एवढी, तिरकी.

चुना_आणि_वाळू | १२ जुलै, रात्री ८.५८
आजोबांना तुमच्या केमिकलची गरज का पडली नाही ते कळलं.

मडगावचा_अभियंता | १२ जुलै, रात्री ९.४०
आता हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. मागच्या बाजूचं छप्पर ६० चौरस मीटर धरा, गोव्यात वर्षाला ढोबळ ३००० मिमी पाऊस. म्हणजे त्या एका कोपऱ्यात एका मोसमात १,८०,००० लिटर. १०० मिमी पडणारा एक दिवस म्हणजे ६००० लिटर, मोठा टँकर रिकामा केल्यासारखा. डोंगरावरून येणारं वेगळंच. काँक्रीट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून ते सरळ पायात जातं. पायाखालची माती भिजून त्या कोपऱ्यात दबली असेल, म्हणून तिरकी भेग.

आज करण्याजोगं: पन्हळीला पाईप जोडून पाणी घरापासून दूर, व्हाळाच्या बाजूला सोडा. हजार-दीड हजारात होईल. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, दर रविवारी बघा. वाढली तर माणूस बोलावून पाया बघून घ्या. नुसती भेग बुजवू नका.

पावसानंतर: जुन्या जागी चर पुन्हा काढा. दीड फूट रुंद, तळाला जिओटेक्स्टाइलचं (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड, त्यात चार इंची भोकाचा पाईप, भोकं खालच्या बाजूला, वर २० मिमी खडी, कापड गुंडाळून बंद. शंभर फुटाला एक फूट ढाळ. पाणी उताराने व्हाळात, सोकपिटात (शोषखड्ड्यात) नाही. पायाच्या तळापेक्षा खाली खणू नका आणि भर पावसात भिंतीलगत लांबलचक चर उघडू नका, ओली माती आणि चिऱ्याची भिंत दोन्ही सरकतील.

रंगबहाद्दर | १२ जुलै, रात्री ९.५१
आणि चवथीचं काय? मी म्हणतो क्रिस्टलाईन कोटिंग आतून मारा, ते ओल्या भिंतीवरही चालतं.

मडगावचा_अभियंता | १२ जुलै, रात्री १०.०२
चालतं, काँक्रीटच्या भिंतीवर. त्याचे स्फटिक सिमेंटशी प्रक्रिया होऊन वाढतात. चिऱ्यात सिमेंट कुठून आणणार? चवथीसाठी फुगलेला रंग आणि पुट्टी खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा (पाण्याने धुऊ नका, परत आत मुरतो), भिंत उघडी ठेवा. चुन्याचा गिलावा करायचाच असेल तर भिंत सुकल्यावर. चुना साहेबांचं ते म्हणणं मला मान्य आहे. जाड भिंत सुकायला ढोबळ इंचाला महिना धरतात. यंदा पाहुण्यांना वरच्या माडीवर झोपवा.

म्हापशेकर_ताई | १३ जुलै, सकाळी ८.१०
माडीवर चौदा माणसं? आणि घोरणारे?

कुळागरकर | २१ जुलै, रात्री ९.१५
पाईप शनिवारी जोडला. नऊशे चाळीस रुपये, वर प्लंबरला तीनशे. आठवडाभर पाऊस थांबला नाही, तरी डाव्या कोपऱ्यातली ओल वीतभर खाली आली. पेन्सिलने खूण केली आहे. बाकीची भिंत तशीच, म्हणजे चर लागणारच. भेग जिथे होती तिथेच आहे. कोपऱ्यातलं दोन फूट काँक्रीट फोडून बघितलं तर खाली आजोबांच्या चराच्या कडेचा चिरा जसाच्या तसा निघाला. बायकोला दाखवला. ती म्हणाली, बाईक पुढे लाव. देव बरें करूं सगळ्यांचं.

पाचूबेट | २ ऑगस्ट, दुपारी १२.३०
माझ्या दोडामार्गच्या घराला पण अगदी असाच प्रॉब्लेम आहे. कुठलं केमिकल मारू? रंगाऱ्याचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा.