टाळ हातात द्या

मुलांना ख्रिस्ती भक्ती शिकवायला मोबाईलवर इंग्रजी वर्शिप (उपासनेची गाणी) लावून दिलं की पुरे, असं काही जण म्हणतात. आमच्याकडे तरी तेवढ्याने भागलं नाही. मुलगी सगळं धडाधड म्हणायची, अर्थ विचारला की गप्प! मग जेवणं झाल्यावर ना. वा. टिळकांची भजनं सुरू केली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, त्यामुळे टाळ हातात दिला की लहान पोरही ठेका धरतं. आठवड्याला एकच कडवं, जास्त नाही. (शेजारच्या आजीही येऊन बसतात, त्या वारकरी.) परवा ऐरोलीहून ठाण्याला जाताना भर लोकलमध्ये मुलीने विचारलं, "बाबा, पापी म्हणजे मीपण का?" ठाणं येईपर्यंत मी उत्तरच जुळवत होतो.