आईची खोली : मोतिया की वेलदोडा?

कृष्णाकाठ
सांगलीत आमचं जुनं बैठं घर. आईची खोली १० बाय १२, खिडकी एकच, तीही उत्तरेला, आणि तिच्यासमोर शेजाऱ्यांचा आंबा. खाली कोटा फरशी. २०१९ च्या पुरात पाणी पायरीशी येऊन थांबलं होतं. ते ओसरल्यावर घाईघाईने दिलेला रंग अजून चालू आहे.

आता नवा रंग द्यायचाय, दोन शेड उरल्यात. एक मोतिया, किंचित पिवळ्या अंगाचा. दुसरा फिकट राखाडी-हिरवा. शेडकार्डावर त्याचं भलतंच इंग्रजी नाव आहे, घरात आम्ही वेलदोडा म्हणतो. बायको वेलदोड्याच्या बाजूची. मला कोणी विचारलेलं नाही.

दोन्हींच्या लहान डब्या आणून खिडकीशेजारी एकाला लागून एक असे दोन-दोन फुटांचे चौकोन मारले. खरी गोम पुढे आहे. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं, डाव्याचं तीन आठवड्यांनी आहे. ती भिंतीसमोर उभी राहून उजवा डोळा झाकते, "हा पिवळाजर्द आहे रे." मग डावा झाकते, "आता नाही." वेलदोडा उजव्या डोळ्याला निळसर दिसतो, डाव्याला शेवाळी. काल म्हणाली, "माझ्या कुठल्या डोळ्याला विचारतोयस ते आधी सांग."

पेंटरला सोमवारी ॲडव्हान्स द्यायचाय. बोला.

चिंचपेटी
काकूंचा प्रश्न अगदी रास्त आहे! वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडवतं. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की जग एकदम पांढरं, निळसर दिसायला लागतं. माझ्या सासूबाई ऑपरेशनहून घरी आल्या आणि पहिलं वाक्य काय, "बाथरूमच्या टाइल्स कधी बदलल्यात?"

डावा डोळाही तीन आठवड्यांनी उजव्याच्याच पक्षात जाणार, तेव्हा उजव्याचं ऐका. आणि काम डाव्याच्या ऑपरेशनआधी उरका. पुट्टी घासताना जी धूळ उडते ती ताज्या डोळ्याला नकोच. उजव्यालाही महिनाच झालाय, घासायच्या दिवसांत काकूंना लेकीकडे नाहीतर बहिणीकडे धाडा.

तीन_इंची_ब्रश
पंचवीस वर्षं रंगकामाची कंत्राटं घेतोय, म्हणून स्पष्ट बोलतो, राग नको. चौकोन चुकीच्या जागी मारलेत. खिडकी ज्या भिंतीत असते तीच भिंत सगळ्यात अंधारी, कारण उजेड तिच्याकडे पाठ करून आत येतो. शिवाय मोतियाला खेटून काहीही लावा, ते थंडच दिसणार. दोघं एकमेकांना बिघडवतात.

दोन मोठे ड्रॉइंग शीट आणा. एकेकावर एकच रंग, दोन हात, कडेने बोटभर पांढरं सोडा. पूर्ण वाळू द्या, इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळलं की गडद होतं. मग एका वेळी एकच शीट, आधी खिडकीसमोरच्या भिंतीला, नंतर पलंगामागे. सकाळी आठला बघा, दुपारी बघा, रात्री दिवा लावून बघा.

उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसं येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात आंब्याची पानं आणि तुमची कोटा फरशी, दोन्ही हिरवट झाक टाकणार. म्हणजे वेलदोड्यात आणखी वेलदोडा. शेडकार्डावर बहुधा एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, आकडा असतो, शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा. अशा खोलीला मी सत्तरच्या खाली जात नाही.

साडेनऊ फूट उंची धरली तर दारं-खिडकी वजा जाता चारशे चौरस फूट. दोन हातांना चार लिटर पुरेल. एकदम घ्या, नंतर मिसळून आणलेल्या डब्यात उन्नीस-बीस होतं. फिनिश मॅटच. चकाकी असली की जुन्या गिलाव्याचे उंचसखल सगळे दिसतात.

उकडांबा
आमच्या हॉलला असाच राखाडी-हिरवा आहे. खिडकी पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी पाहत राहावा इतका सुरेख. सकाळी मात्र चहा पिताना वाटतं, आता नंबर पुकारतील आणि केसपेपर दाखवावा लागेल.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. शीट केले. पलंगामागे वेलदोडा लावल्यावर बायको स्वतःच म्हणाली, "पावसाळा वाटतोय." (ब्रशदादा, त्याचा एलआरव्ही ५८ निघाला.)

दिव्याची बरी आठवण केलीत. ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची होती, आई तिला दुकानातला दिवा म्हणते. ३००० चा पिवळसर बल्ब लावून पाहिला तर डाव्या डोळ्याला मोतिया थेट हळदीचा झाला. शेवटी ४००० वर तडजोड झाली. रंग मोतिया. घासकाम चालेल तोवर आईला मावशीकडे मिरजेला सोडणार आहे, परवा.

तोवर ती घरभर एक डोळा झाकून फिरतेय. कढीत हळद जास्त होते म्हणून सुनेला दोन वर्षं ऐकवत होती. काल डावा डोळा झाकून वाटीत बघितलं आणि काही न बोलता जेवली.